जुना संगणक कसा पारखावा?

आपल्या पांढरपेशा कुटुंबांत जुन्या वस्तूंविषयी मोठी चमत्कारिक वृत्ती आढळते. आजीच्या वेळची पितळी भांडी आपण अभिमानाने मिरवितो, रद्दीच्या दुकानात एखादा दुर्मीळ ग्रंथ सापडला तर चार मित्रांस बोलावून दाखवितो. परंतु यंत्र घ्यावयाचे म्हटले की ते कोरे करकरीतच हवे असा आग्रह धरितो. ज्यांस हे परवडत नाही ते नाइलाजाने जुने यंत्र घेतात, पण घेतात ते डोळे मिटून, दैवावर हवाला ठेवून. माझ्या मते या दोन्ही वृत्ती सारख्याच अविचाराच्या आहेत. जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही, आणि त्यात दैवाचा भागही लोक समजतात तेवढा नाही. ती एक परीक्षा आहे, आणि कोणत्याही परीक्षेप्रमाणे तिचा अभ्यास करता येतो. हा अभ्यास मी उतारवयात केला तो स्वतःच्या चुकीमुळे व दुसऱ्याचे पैसे बुडवून. म्हणूनच तो चार कुटुंबांच्या उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

आमचे गाव खंडाळा. लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे खंडाळा ते नव्हे. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसलेले, सातारा जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण. सावित्रीबाई फुले यांचे जन्मग्राम नायगाव याच तालुक्यात आहे, आणि नीरास्नान आटोपून ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्या लोणंदास मुक्कामी येते तेही याच तालुक्यात. शिरवळच्या बाजूस कारखाने उभे राहिल्यापासून येथील पुष्कळ तरुण तेथे पाळीने कामास जातात. त्यांपैकीच एक माझा जुना विद्यार्थी. त्यास चित्रणाचा नाद. कारखान्याची पाळी सांभाळून तो लग्नामुंजींचे, यात्राजत्रांचे चित्रण मोबाइलवर करी व एका परिचिताच्या संगणकावर बसून त्याचे संकलन करी. संकलन म्हणजे चित्रित केलेल्या तुकड्यांतील नको ते वगळून, हवे ते क्रमाने जोडून, त्यास आवाज व अक्षरे यांची जोड देऊन सलग चित्रफीत तयार करणे. हे काम त्यास साधले होते. उणीव होती ती स्वतःच्या यंत्राची.

२०२४ च्या दिवाळीनंतर, लग्नसराईच्या तोंडावर, तो माझ्याकडे आला.

“गुरुजी, जुना लॅपटॉप मिळतोय. आय-सेव्हन आहे, साडेअठरा हजार म्हणतात. दुसरा एक आय-फाइव्ह आहे, पण तो टेबलावरचा. कोणता घेऊ?”

मला या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. परंतु जन्मभर वर्गात उभे राहिलेल्या मनुष्यास एक खोड जडते; ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून लवकर निघत नाहीत. मी म्हणालो, “अरे, पाचापेक्षा सात मोठे. सातच घे.”

त्याने घेतला. यंत्र दिसावयास देखणे होते; परंतु पहिल्याच लग्नाचे चित्रण त्यात भरले आणि त्याचे पाणी दिसून आले. चित्र दोन पावले चाले व थबके. आवाज पुढे, नवरानवरी मागे. बॅटरी केवळ नावाची असल्यामुळे रात्री वीज गेली की झालेले काम लयास जाई. फीत तीन आठवडे उशिरा झाली, वधूपक्ष रागावला, आणि घेतलेल्या पैशांपैकी निम्मे त्यास परत करावे लागले. यंत्राचे पैसे त्याच्या आईने भिशीतून उभे केले होते. ती माउली मला एक शब्द बोलली नाही. “गुरुजींनी सांगितलं म्हणून घेतला,” एवढेच शेजारणीपाशी म्हणाल्याचे माझ्या कानांवर आले, आणि ते मला फार लागले. दुकानदाराने खोटे सांगितले नव्हते. यंत्र खरोखरच आय-सेव्हन होते. चूक पारखणाऱ्याची होती, आणि पारखणारा मी होतो.

जुन्या यंत्रावर चित्रांचा संसार उभारणे ही गोष्ट आपल्या भागास नवी नाही, हे आठवून मी थोडा सावरलो. दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याची पॉलिसी तारण ठेवून विलायतेस गेले व तेथून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले. कोऱ्या फितीस भोके पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाईंनी हात लाविला, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांची ऐपत तेवढीही नव्हती. त्यांनी व त्यांचे बंधू आनंदराव यांनी मुंबईच्या बाजारातून एक जुने प्रक्षेपणयंत्र मिळविले, त्याचे अंतरंग अभ्यासिले, आणि कॅमेरा घरीच घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबुरावांनी काम सोडिले नाही. १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली प्रदर्शित झाला. फाळक्यांनी मोजका पैसा नेमक्या ठिकाणी घातला. पेंटरांनी यंत्राच्या नावापेक्षा त्याच्या आतील व्यवस्था पाहिली. आम्ही यांपैकी काहीच केले नव्हते. केवळ पाटी वाचली होती. तेव्हा आता पाटीमागे काय असते ते शिकावयाचे ठरविले. मी, माझा विद्यार्थी, आणि संगणक दुरुस्त करणारा त्याचा एक मित्र अशी आमची शाळा दोन महिने चालली. तेथे मिळालेले ज्ञान पुढे देत आहे.

यंत्रापूर्वी काम ओळखावे

पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे ही संगणकाची कामे म्हणजे पाण्याची कळशी उचलणे होय; चित्रफितीचे संकलन म्हणजे मोट ओढणे. थोडे अंकगणित केले की हे ध्यानात येते. नेहमीच्या पूर्णाकार चित्रात आडवे १९२० व उभे १०८० असे मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास तीन बाइट व सेकंदास तीस चित्रे धरली, तर एका मिनिटास अकरा गिगाबाइटांहून अधिक माहिती होते. परंतु मोबाइलमध्ये एका मिनिटाच्या चित्रणास एच. २६४ या पद्धतीने सुमारे १३० मेगाबाइटच जागा लागते, म्हणजे मूळच्या पंच्याऐंशीव्या भागाच्या आसपास, आणि एच. २६५ या नव्या पद्धतीने त्याच्याही निम्म्याने.

हे कसे साधते? आपल्या घरच्या जमाखर्चाच्या वहीसारखे. महिन्याच्या आरंभी शिल्लक पुरती लिहितो. पुढे रोज केवळ आले किती व गेले किती एवढेच टिपतो. तसेच येथे अधूनमधून एक चित्र संपूर्ण साठविले जाते व पुढील चित्रांत केवळ काय बदलले तेवढेच टिपले जाते. जागा वाचते हे खरे. परंतु सतरा तारखेची शिल्लक कोणी अकस्मात विचारली तर एक तारखेपासून बेरीज-वजाबाकी करणे भाग पडते. संकलन करणारा तर क्षणोक्षणी कोठल्या ना कोठल्या तारखेची शिल्लक विचारीत असतो. ही आकडेमोड जे यंत्र झटपट करील तेच या कामाचे. मग त्याच्यावर पाटी कोणतीही असो. आमच्या पहिल्या यंत्राची खोट नेमकी येथेच होती, आणि ती कशी, हे आता पाहू.

चार अंगे

पहिले अंग प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरवर आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन अशी नावे असतात. ती एकाच पिढीतील थोरले-धाकटे दर्शवितात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून होत नाही. पिढी कळते ती पुढील आकड्यावरून. ‘आय-फाइव्ह ८५००’ यातील आरंभीचा ८ म्हणजे आठवी पिढी. ‘आय-फाइव्ह १२४००’ यातील आरंभीचे १२ म्हणजे बारावी पिढी. आमचा लॅपटॉप ‘आय-सेव्हन ५५००यू’ म्हणजे पाचव्या पिढीतला होता. शेवटचे ‘यू’ हे अक्षर कमी वीज खाणारा, म्हणून कमी ताकदीचा, असे सांगते. त्याच्या पोटात दोनच गाभे होते. ज्या आय-फाइव्हला आम्ही धुडकाविले त्या ८५०० मध्ये सहा आहेत. दोन बैलांच्या जोडीस ‘सात’ म्हणून आम्ही घरी आणिली व सहा बैलांस ‘पाच’ म्हणून नाकारिली. शिवाय एच. २६५ ची वही उकलण्याची पुरी सोय इंटेलच्या प्रोसेसरांत सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, अंगभूत झाली, आणि त्याच पद्धतीचे अधिक बारीक रंगांचे चित्रण उकलण्याची सातव्या पिढीपासून. आमचा मोबाइल एच. २६५ मध्ये चित्रण करी. पाचव्या पिढीच्या त्या बिचाऱ्यास ती लिपी नीट वाचताच येत नव्हती.

आठव्या पिढीच्या अलीकडचेच यंत्र घ्यावे यास आणखी एक कारण आहे. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांत काही अपवाद वगळता दोन हजारी मालिकेपासून चालते. त्याहून जुनी यंत्रे यामुळे बाजारात स्वस्त मिळतात. त्या स्वस्ताईस भुलू नये. आणखी एक खूण सांगून ठेवितो. इंटेलच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असल्यास त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते. त्यास वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते.

दुसरे अंग रॅम, म्हणजे काम करताना समोर पसरावयाची जागा. पोथी मोठी व चौरंग लहान असला म्हणजे पाने सारखी उचला-ठेवावी लागतात. संकलनास आठ गिगाबाइट हा किमान चौरंग, सोळा असावा. तोही आठाच्या दोन पट्ट्यांचा असल्यास माहितीची ने-आण दोन वाटांनी होते व काम थोडे चपळ होते. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. म्हणून ‘पुढे वाढवू’ असे म्हणण्यापेक्षा आधीच सोळा असलेले यंत्र मिळाल्यास ते पाहावे.

तिसरे अंग साठवणीचे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदास शंभर-दीडशे मेगाबाइटांच्या आसपास. साध्या एसएसडीचा पाचशेच्या आसपास. जुन्या यंत्रास नवे तारुण्य देणारी एवढी स्वस्त मात्रा दुसरी नाही. परंतु सर्व चित्रण एसएसडीवर ठेवण्याची गरज नसते. हातातले काम तिच्यावर व पुरे झालेले काम साध्या हार्ड डिस्कवर, ही विभागणी काटकसरीची. लग्नाचे चित्रण दुसऱ्यांदा करता येत नाही. यास्तव प्रत्येक कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असलीच पाहिजे. या खर्चास कात्री लावणे म्हणजे दाराचे कुलूप विकून तिजोरी घेणे होय.

चौथे अंग ग्राफिक्स कार्ड. यावर तरुण मंडळी सर्वाधिक पैसा उधळतात. तुकडे कापणे, जोडणे, अक्षरे घालणे, थोडा उजेड कमी-अधिक करणे एवढ्यास प्रोसेसरातील अंगभूत सोय पुरते. रंगांचे सूक्ष्म संस्कार करावयाचे असल्यास, किंवा दाविंची रिझॉल्व्ह यासारखी भारी प्रणाली वापरावयाची असल्यास, चार गिगाबाइट स्मृतीचे वेगळे कार्ड हितावह. मात्र कचेऱ्यांतून आलेल्या लहान पेट्यांत विजेची सोय बेताची असते. ज्या खाचेत कार्ड बसते ती खाच फार तर ७५ वॉट पुरविते. तेवढ्यात भागणारे, उदाहरणार्थ जीटीएक्स १६५० जातीतील साधे व ठेंगणे कार्ड, पाहावे लागते. जुनी कार्डे घेताना दुसरीही सावधगिरी हवी. इथेरियम या आभासी चलनाचे ‘खाणकाम’ करण्यासाठी जगभर असंख्य कार्डे रात्रंदिवस राबविली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली व त्यांतील पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. अवजड मोट ओढून थकलेला बैल रंगरंगोटी करून बाजारात उभा केलेला असू शकतो, हे विसरू नये.

राहिली शोभा. पेटीतून झळकणारे रंगीत दिवे, काचेच्या भिंती, चित्रविचित्र पंखे यांस शास्त्रकारांनी फार पूर्वीच नाव देऊन ठेविले आहे: अजागलस्तन, म्हणजे शेळीच्या गळ्याशी लोंबणारे स्तन. दिसतात, पण दूध देत नाहीत.

टेबलावरचा की मांडीवरचा?

बेताच्या पैशांत टेबलावरचा संगणक घ्यावा, असे माझे आता स्पष्ट मत आहे. तेवढ्याच पैशांत तो अधिक ताकदीचा मिळतो, तापत कमी, आणि एखादे अंग निकामी झाल्यास तेवढेच बदलता येते. लॅपटॉपच्या लहान पोटात उष्णता कोंडते. तासाभराच्या श्रमानंतर तो स्वसंरक्षणार्थ स्वतःचा वेग उतरवितो. ज्यास गावोगाव जाऊन तेथेच संकलन करावयाचे आहे त्याने लॅपटॉप घ्यावा; इतरांनी केवळ सोयीचा दिसतो म्हणून घेऊ नये.

मोठ्या कंपन्या आपल्या कचेऱ्यांतील संगणक काही वर्षांनी एकदम बदलतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ही यंत्रे अशाच मार्गाने जुन्या बाजारात येतात. ती दिसावयास ओबडधोबड, पण बांधणीस दणकट असतात, आणि त्यांच्यावर बहुधा पत्रव्यवहारापलीकडचे ओझे पडलेले नसते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या काटक मनुष्यासारखी त्यांची प्रकृती समजावी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, पुण्याची तपकीर गल्ली ही अशा मालाची जुनी ठिकाणे होत. आम्हांस पुणे जवळ. २०२५ च्या मे महिन्यात एका सकाळी एस.टी.ने आम्ही तिकडे निघालो. प्रवासखर्च मी केला. तो माझ्या चुकीचा दंड होता.

दुकानातील परीक्षा

परीक्षेचा क्रम आम्ही घरूनच लिहून नेला होता, तो येथे देतो.

प्रथम, बाहेरील चिठ्ठीवर विश्वास न ठेवता यंत्र सुरू करून त्याच्याच तोंडून त्याची पिढी, रॅम व प्रणाली वदवून घ्यावी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये व टास्क मॅनेजरमध्ये हे सर्व दिसते. चिठ्ठी चिकटविता येते. प्रोसेसर आपला क्रमांक लपवीत नाही.

दुसरे, डिस्कची नाडी पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक मोफत कार्यक्रम पेन ड्राइव्हवर न्यावा. डिस्क किती तास चालली, तिच्यातील किती जागा निकामी ठरून बदलल्या गेल्या, हे तो सांगतो. निकामी जागांचा आकडा शून्याहून वर दिसला तर दुसरी डिस्क मागावी.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. आपल्याच मोबाइलवरील आपलेच चित्रण बरोबर न्यावे, आणि दुकानातच दहा-पंधरा मिनिटे संकलन करून त्याची सलग फीत काढून पाहावी. वधूपरीक्षेत पोहे कोणी केले हे विचारून भागत नाही, अशी पूर्वीच्या बायकांची थट्टा असे; येथे ती अक्षरशः लागू आहे. फीत तयार होत असता टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या वेगाचा आकडा पाहात राहावे. आरंभी वर असलेला आकडा पाच मिनिटांत फार खाली घसरला, किंवा पंखा किंचाळू लागला, तर आत धूळ साचलेली आहे अथवा प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा लेप वाळला आहे असे समजावे. हा दोष दुरुस्त होण्यासारखा असतो. तो करून मगच यंत्र घ्यावे, अथवा किंमत उतरवून घ्यावी. ज्या दुकानात ही परीक्षा करू देत नाहीत तेथून नमस्कार करून निघावे.

चौथे, सर्व खाचांत पेन ड्राइव्ह लावून पाहावा; पडद्यावर एकदा संपूर्ण पांढरे व एकदा संपूर्ण काळे चित्र लावून मेलेले ठिपके शोधावेत. लॅपटॉप असल्यास बिजागरी पाहावी, आणि विंडोजकडूनच बॅटरीचा अहवाल काढावा. मूळची क्षमता व आजची क्षमता असे दोन आकडे त्यात असतात; दुसरा पहिल्याच्या निम्म्याखाली असल्यास नव्या बॅटरीची किंमत मनात धरावी.

पाचवे, मालकीची शहानिशा. कचेरीतील काही यंत्रांस आरंभीच्या बायोस नामक व्यवस्थेत संकेतशब्द घातलेला असतो, किंवा ती मूळ कंपनीच्या नियंत्रणाखालीच राहिलेली असतात. सेटिंग्जमध्ये कोणा संस्थेचे नियंत्रण असल्याचे दिसले, किंवा बायोस उघडेना, तर ते यंत्र सोडून द्यावे. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक असावा, आणि किती महिन्यांची हमी आहे ते लेखी असावे. तोंडी हमी दुकानाची पायरी उतरताच संपते.

आम्ही तीन यंत्रांची परीक्षा घेतली. पहिल्याची डिस्क नापास झाली, दुसऱ्याचा वेग घसरला, तिसरे उतरले. हिशेब असा: जुना लॅपटॉप मोडून आलेले ११,०००, मुलाने शिलकीत टाकलेले ५,००० व आईकडून पुन्हा घेतलेले ९,००० मिळून जमा २५,०००. खर्च: आठव्या पिढीचे आय-फाइव्ह ८५०० यंत्र, आठ गिगाबाइट रॅम व २५६ गिगाबाइट एसएसडीसह, ११,८००, आठ गिगाबाइटची दुसरी पट्टी १,७००, बावीस इंची जुना पडदा, आयपीएस जातीचा, कारण त्यात बाजूने पाहिले तरी रंग फिरत नाहीत, ३,६००, नवा यूपीएस २,९००, कळफलक व माउस ६००, नवी एक टेराबाइटची बाहेरून लावावयाची डिस्क ४,२५०. एकूण २४,८५०. बाजारभाव पालटत असतात, सबब या आकड्यांपेक्षा त्यांचे परस्परप्रमाण ध्यानात घ्यावे. मुख्य यंत्रावर निम्म्याहून थोडे कमीच गेले. उरलेले पडदा, वीज व दुसरी प्रत यांवर. यूपीएस व डिस्क ही दोनच नवी घेतली. जेथे दगा झाल्यास काम बुडते तेथे जुने घेऊ नये, आणि जेथे दगा झाल्यास केवळ खोळंबा होतो तेथे नव्याचा हट्ट धरू नये, असा नियम आम्ही केला होता.

अभावी अक्षता

एक युक्ती सांगावयाची राहिली. कोणतेही जुने यंत्र चौपट ठिपक्यांच्या चित्रणापुढे, ज्यास फोर-के म्हणतात, अडखळू शकते. त्यावर प्रॉक्सी नावाचा उपाय आहे. आपल्या घरी पूजेत वस्त्रे-अलंकार नसले तर त्यांच्या जागी अक्षता वाहतो. मीमांसकांनीही सोमवल्ली न मिळाल्यास पूतिकेची योजना सांगितली आहे. तोच प्रतिनिधीचा न्याय येथे आहे. मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती संगणकाकडून करवून घ्याव्यात, सर्व कापाकापी त्यांवर करावी. शेवटी फीत काढताना प्रणाली त्यांच्या जागी मूळ चित्रण आपोआप योजिते. अंतिम फितीच्या गुणात तीळमात्र उणे येत नाही. केडेनलाइव्ह व शॉटकट या सर्वस्वी मोफत प्रणालींत ही सोय आहे. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही आहे. पहिल्या लॅपटॉपवर आम्हांस ही युक्ती ठाऊक असती तर ते लग्न कदाचित निभावले असते. सारांश, यंत्राची उणीव काही अंशी विद्येने भरून निघते. विद्येची उणीव मात्र कोणत्याही यंत्राने भरत नाही.

त्या जूनच्या अखेरीस पालखी लोणंदास आली. मुलाने रात्रपाळी करून, दिवसा न झोपता, नीरेवरील स्नानाचे, दिंड्यांचे, वाटेवर भाकरी वाढणाऱ्या बायकांचे चित्रण केले. ६ जुलैस आषाढी एकादशी. तीपूर्वी फीत पुरी व्हावयाची होती, कारण गावातील एका मंडळाने ती एकादशीच्या रात्री देवळापुढे दाखविण्याचे ठरविले होते. मध्यंतरी दोनदा वीज गेली. यूपीएसने शिट्टी वाजविली, मुलाने काम जतन करून यंत्र शांतपणे बंद केले, आणि वीज आल्यावर जेथे सोडले होते तेथून पुढे चालू केले. फीत एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारी तयार झाली.

त्या रात्री देवळापुढे मी मागे खुर्चीवर बसलो होतो. भाकरी वाढणाऱ्या बायकांत त्याची आईही होती. पडद्यावर स्वतःस पाहून तिने पदर तोंडास लाविला. कार्यक्रम आटोपल्यावर ती माझ्यापाशी आली व म्हणाली, “गुरुजी, या खेपेला यंत्र चांगलं निघालं.” मी म्हणालो, “वहिनी, यंत्र निघालं नाही. तुमच्या पोरानं पारखून घेतलं.”

तेव्हापासून गावातील मुले संगणक घेण्यापूर्वी अधूनमधून माझ्याकडे येतात. मी आता कोणासही पाच की सात ते एकदम सांगत नाही. प्रथम विचारतो, “काम कोणते करावयाचे आहे?” आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर तसे स्पष्ट सांगतो. एवढे वाक्य शिकण्यास मला साडेसात हजारांचा तोटा लागला, आणि तो माझ्या खिशातून गेला नव्हता, याची टोचणी अद्याप आहे.